एन-५५० च्या जागी एन-६६० घातलं आणि प्रोफाइल फुगलं: ‘स्ट्रक्चर’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीच्या दरवाजाला लागणारं ईपीडीएम या कृत्रिम रबराचं प्रोफाइल, म्हणजे लांब पट्टी, काढणारा छोटा कारखाना. फॉर्म्युल्यात एन-५५० या ग्रेडचं कार्बन ब्लॅक, म्हणजे रबराला बळ देणारी काळी पूड, होतं; दर परवडेना म्हणून तेवढ्याच वजनाने एन-६६० घातलं. तेव्हापासून प्रोफाइल डायमधून (आकार देणाऱ्या साच्यातून) जास्त फुगून येतंय, कडा खरबरीत होताहेत आणि पातळ लिप (पट्टीची कड) ओव्हनमध्ये पक्की व्हायच्या आत खाली बसतेय. प्रश्नकर्ते विचारतात, ‘‘विक्रेता म्हणतो दोन्हींचा कण जवळपास सारखाच आहे, मग हा फरक कुठून आला? मिक्सिंग लांबवून कण अजून बारीक केले तर काम होईल का? आणि शुक्रवारी केलेली बॅच सोमवारी कडक का लागते?’’

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात. मिक्सिंग लांबवून कण बारीक होणार नाहीत. डाटाशीटवर ज्याला ‘कण’ म्हणतात तो कार्बन ब्लॅकमध्ये सुटा नसतोच. बॅगेत नसतो, नीडरमध्ये (रबर मळायच्या यंत्रात) नसतो, तयार रबरातही नसतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत गोल गोल दिसतात, त्यांचा व्यास मोजून सरासरी काढतात आणि तो आकडा आपण कण म्हणून वाचतो. प्रत्यक्षात ते गोल एकमेकांत वितळल्यासारखे जुळलेले असतात आणि अशा पाच-पंचवीस-पन्नास गोलांची मिळून एक अखंड वस्तू बनलेली असते. तिला ॲग्रिगेट म्हणतात. रबरात मिसळून सुटी करता येईल अशी सगळ्यात लहान वस्तू तीच.

पुस्तकांत याला द्राक्षाच्या घडाची उपमा देतात. मला ती पटत नाही. द्राक्ष खुडता येतं. मी नव्या पोरांना आलं दाखवतो. आल्याच्या कंदाला बोटं फुटलेली असतात, प्रत्येक बोट वेगळं दिसतं, पण ते वेगळं नसतं. आतला गर सलग असतो. बोट मोडलं तर ओली जखम दिसते, सांधा दिसत नाही. ॲग्रिगेट अगदी तसं. १९६८ साली हायडेनराइख, हेस आणि बान यांनी मोठ्या क्षमतेच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ब्लॅक पाहिलं तेव्हा गोलाच्या आत कांद्यासारखे कार्बनचे थर दिसले. ते ग्राफाइटसारखेच, फक्त जरा अघळपघळ. ग्राफाइटच्या थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं, इथे ०.३५ च्या आसपास. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बाहेरचे थर एका गोलावरून शेजारच्या गोलावर तसेच चढत जातात, मध्ये खंड पडत नाही. म्हणजे दोन गोल आधी पूर्ण तयार झाले आणि मग चिकटले असं घडलेलं नाही. वाढता वाढताच ते एक झाले.

हे होतं रिॲक्टरमध्ये, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. इंधन जास्तीच्या हवेत जाळून तापलेल्या वायूचा झोत करायचा, त्यात जड ॲरोमॅटिक (कार्बनच्या कड्यांच्या रेणूंचं) तेल फवारायचं. हे तेल रिफायनरीच्या क्रॅकरमधलं तळाचं असतं किंवा कोळशाच्या डांबरातून येतं. हजार-दीड हजार अंशांच्या पुढच्या त्या झोतात तेलाचे रेणू फुटतात, जोडले जातात, त्यातून बारीक थेंबासारखे गाभे तयार होतात. ते एकमेकांवर आदळतात, चिकटतात, आणि वरून कार्बन बसायचं चालूच असतं, त्यामुळे चिकटलेली जागा भरून निघते, सिमेंट झाल्यासारखी. मग पाणी मारून सगळं थांबवायचं. पाणी कुठे मारलं, झोत किती गरम आणि किती वेगवान होता, यावर गोल किती मोठे होतात ते ठरतं. आदळाआदळ किती झाली यावर फांद्या किती फुटतात ते ठरतं. आदळाआदळ कमी करायची असेल तर तेलाबरोबर पोटॅशियमचं मीठ अगदी किंचित सोडतात. त्याने गाभ्यांवर विद्युतभार येतो, ते एकमेकांना ढकलतात आणि स्ट्रक्चर खाली येतं. चिमूटभर मिठाने ग्रेड बदलते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थापच वाटली होती.

म्हणजे गोलाचा आकार आणि फांद्यांचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कारखाना त्या बऱ्याच अंशी वेगवेगळ्या फिरवू शकतो. दुसरी जी गोष्ट, तिलाच आपल्या धंद्यात ‘स्ट्रक्चर’ म्हणतात. शब्द फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं आतली स्फटिकरचना वगैरे काही असेल. तसं नाही. कंदाला बोटं किती, ती किती पसरलेली आणि त्यांच्या बेचक्यांत जागा किती, एवढंच.

आता ग्रेडचं नाव पाहा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी १७६५ पद्धतीत ‘एन’ म्हणजे रबर साधारण वेगाने क्युअर, म्हणजे तापून पक्कं, होऊ देणारं. पुढचा पहिला आकडा पृष्ठफळाचा गट सांगतो: १ म्हणजे अतिशय बारीक गोल, ९ म्हणजे ढोबळ. उरलेले दोन आकडे निव्वळ क्रमांक आहेत, त्यांत स्ट्रक्चर लिहिलेलं नाही. बहुतेक चुका इथेच होतात. ५५० आणि ६६० शेजारी शेजारी दिसतात म्हणून माणूस समजतो की उन्नीस-बीस असेल.

तुमच्या दोन ग्रेडचे ठरलेले आकडे घ्या. आयोडीन नंबर (पृष्ठफळाचं माप; आकडा मोठा तितके गोल बारीक) ४३ आणि ३६, म्हणजे गोलाच्या आकारात विक्रेता म्हणतो तसा थोडाच फरक. त्याने खोटं सांगितलेलं नाही. पण ऑइल ॲब्सॉर्प्शन नंबर, म्हणजे ओएएन, एन-५५० चा १२१ आणि एन-६६० चा ९०. शंभर ग्रॅम ब्लॅक किती मिलिलिटर तेल पितं त्याचा हा आकडा. तुमचा सगळा त्रास या ३१ मध्ये आहे.

ओएएन काय मोजतो ते समजायला यंत्र नसलं तरी चालेल. माझी आजी तुपाच्या दिव्यावर पितळेची वाटी उपडी धरून काजळ धरायची. ती काजळी म्हणजे ब्लॅकचीच गावाकडची बहीण, तिच्यातही असेच जुळलेले गोल असतात. वाटी खरवडून ढीग केला की ती करंगळीच्या टोकाने तूप घालायची. पहिल्या तीन-चार थेंबांनी काहीच व्हायचं नाही, पूड कोरडीच दिसायची. तूप बेचक्यांत जाऊन बसत असे. मग आणखी एक थेंब पडला की सगळं एकदम गोळा व्हायचं आणि बोटाला ओढ लागायची. प्रयोगशाळेतलं ॲब्सॉर्पटोमीटर हेच करतं. पात्यांखाली ब्लॅक फिरत असतं, मिनिटाला ४ मिलिलिटरच्या वेगाने तेल पडत राहतं आणि पात्यांवरचा टॉर्क अचानक चढला की तो शेवटचा बिंदू. पूर्वी तेल म्हणून डायब्युटाइल थॅलेट वापरायचे, म्हणून जुनी माणसं अजून ‘डीबीपी किती?’ असंच विचारतात.

रबरात त्या बेचक्यांत तेलाच्या जागी रबर जातं. शेतातून काढलेलं आलं धुतलंय कधी? बाहेरची माती एका धारेत जाते, बोटांच्या बेचक्यातली जात नाही. तसंच बेचक्यात अडकलेलं रबर ओढलं तरी ताणलं जात नाही; कार्बनच्या भिंतींमागे लपलेलं असतं आणि वागायला जवळजवळ कार्बनसारखंच वागतं. याला ऑक्लूडेड रबर म्हणतात आणि तेल पिण्याच्या आकड्यावरून त्याचा अंदाज बांधायची रीत मेडालिया या संशोधकाने १९७० च्या सुमारास घालून दिली. परिणाम असा की २० टक्के आकारमानाचं ब्लॅक घातलं तरी रबराला ते ३० टक्के घातल्यासारखं वाटू शकतं. गुथ आणि गोल्ड यांचं जुनं सूत्र घ्या: कडकपणा इतका पट वाढतो, १ अधिक २.५ गुणिले आकारमान अधिक १४.१ गुणिले आकारमानाचा वर्ग. २० टक्क्यांना उत्तर येतं २.०६, ३० टक्क्यांना ३.०२. सूत्र ढोबळ आहे, त्यावर पैज लावू नका, पण दिशा आणि अंदाज बरोबर मिळतो. पिशवीत तेवढंच ब्लॅक, आणि कडकपणा दुपटीवरून तिपटीवर.

डायमधून फुगण्याचं कारणही हेच. फुगतं ते मोकळं रबर. डायमध्ये दाबलं गेलेलं, बाहेर पडताच आखडून घेणारं. ते जितकं बेचक्यांत अडकलेलं, तितकं फुगणं कमी आणि पृष्ठभाग गुळगुळीत. एन-५५० ला बाजारात एफईएफ म्हणतात, फास्ट एक्स्ट्रूजन फर्नेस. नावातच एक्स्ट्रूजन, म्हणजे डायमधून दाबून काढणं, आहे. एन-६६० म्हणजे जीपीएफ, जनरल पर्पज. तुम्ही खास कामाचा माणूस काढून सर्वसाधारण कामाचा माणूस आणलात. लिप बसते त्याचंही मूळ तेच, कच्च्या प्रोफाइलला आकार धरून ठेवायला जे बळ लागतं ते स्ट्रक्चरच देतं.

उपाय पुढे सांगतो. आधी तो विक्रेत्याचा ‘कण सारखा’ मुद्दा किती महागात पडू शकतो ते सांगायला हवं, कारण त्यात मीही एकदा सापडलो आहे.

तेव्हा मी टायरच्या एका कारखान्यात मिक्सिंगला होतो. नाव सांगत नाही. स्टीलच्या तारांवर चढवायच्या कम्पाउंडमध्ये एन-३२६ असायचं, ट्रेडच्या एका कम्पाउंडमध्ये एन-३३०. दोघांचा आयोडीन नंबर ८२. पृष्ठफळही सारखंच, ग्रॅमला ७८ चौरस मीटर. ओएएन मात्र एकाचा ७२, दुसऱ्याचा १०२. तारांना कमी स्ट्रक्चरचं मुद्दाम देतात, कम्पाउंड मऊ राहून तारांच्या फटींत शिरावं म्हणून. एका रात्रपाळीत गोदामातून पॅलेट चुकीचं आलं. आमच्याकडे येणाऱ्या मालाची तपासणी आयोडीनवर होत असे, तीही पटापट. आकडा ८२ आला, शिक्का बसला. पहाटे कॅलेंडरवरचा (रुळांमधून रबर लाटायच्या यंत्रावरचा) माणूस म्हणाला, ‘‘साहेब, आज माल ओढत नाहीये.’’ मूनी, म्हणजे कच्च्या रबराचा घट्टपणा, मोजला तर नेहमीपेक्षा बराच वर. मी गंधक बघितलं, तेल बघितलं, रबराची गाठ बदलली का विचारलं. ब्लॅककडे गेलोच नाही, कारण कागदावर ब्लॅक बरोबर होतं. दुपारी एका जुन्या हेल्परने दोन पिशव्या शेजारी ठेवून दाखवल्या. वजन सारखं, पण एक पिशवी चांगली फुगीर. एन-३२६ ओतलं तर घनमीटरला साधारण ४५५ किलो भरतं, एन-३३० ३८० च्या आसपास. प्रयोगशाळेत जे सापडलं नाही ते त्याला पिशवीच्या पोटावरून कळलं. त्या दिवसापासून ओएएन न पाहता माल आत घेणं मी बंद केलं.

हे ओतीव घनतेचे आकडे एरवीही बघण्यासारखे आहेत. कार्बन ब्लॅकची खरी घनता १.८ धरली, तर ३८० किलोच्या घनमीटरमध्ये ब्लॅक जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी हवा. दाण्यांमधली, झुबक्यांमधली, बेचक्यांमधली.

इथे झुबक्यांचं आणि दाण्यांचं सांगायला हवं, कारण ‘फोडणं’ हा शब्द आपण सगळ्यांना सरसकट लावतो. ॲग्रिगेट एकमेकांजवळ आले की साध्या आकर्षणाने झुबके करतात, त्यांना ॲग्लोमरेट म्हणतात. तो चिकटपणा वाळूच्या ओल्या ढेकळाएवढा. जोर लावला की सुटतो आणि सोडून दिलं की पुन्हा जमतो. त्याच्या वरचा दाणा म्हणजे पेलेट, तो तर माणसानेच बनवलेला असतो: धुरासारखी उडणारी पूड वाहून नेता यावी म्हणून पाणी घालून खिळ्यांच्या मिक्सरमध्ये घोळतात, बांधणीला कधी लिग्निनचं संयुग, कधी साखर कारखान्यातली मळी घालतात, आणि वाळवतात. मळीचं ऐकून आपल्याकडच्या माणसांना नेहमी गंमत वाटते.

तर मिक्सिंगमध्ये दाणा पहिल्या काही सेकंदांत फुटला पाहिजे, झुबका पुढच्या काही मिनिटांत सुटला पाहिजे, आणि ॲग्रिगेट तसंच राहिलं पाहिजे. तसं अगदी अभंग राहत नाही हे मान्य. फार पसरलेले ॲग्रिगेट कडक रबरात थोडेफार मोडतात. किती मोडू शकतात याचा अंदाज दाबलेल्या नमुन्याच्या ओएएनवरून येतो: ब्लॅक आधी १६५ मेगापास्कलला चार वेळा दाबायचं आणि मग तेल पाजायचं. एन-५५० चा आकडा १२१ वरून ८५ वर येतो, एन-६६० चा ९० वरून ७४, एन-३२६ चा ७२ वरून ६८. ज्याच्याकडे हरवायला काही नाही त्याचं काही हरवत नाही. म्हणून मिक्सिंग अकारण लांबवलंत तर बारीक कण मिळणार नाहीत, उलट जे स्ट्रक्चर तुम्हाला हवंय त्यातलंच थोडं गमवाल, शिवाय रबर तापेल ते वेगळंच.

नीडरच्या अँमीटरकडे एकदा नीट बघा. ब्लॅक टाकल्यावर काटा खाली येतो, चढतो, जरा पडतो, आणि मग दुसऱ्यांदा चढतो. दुसरी चढण म्हणजे रबर बेचक्यांत शिरून हवा बाहेर पडली, सगळं एकजीव झालं. स्ट्रक्चर जास्त असेल तर ही चढण उशिरा येते, भरायला जागा जास्त असते म्हणून. पण एकदा आली की झुबके पटकन सुटतात. कमी स्ट्रक्चरचं उलटं: लवकर आत जातं, पण झुबके घट्ट असतात आणि चिवटपणे तसेच राहतात. तेव्हा एन-६६० आल्यापासून कडा खरबरीत होताहेत त्यात थोडा वाटा न सुटलेल्या झुबक्यांचाही असू शकेल. प्रोफाइल नव्या ब्लेडने कापा आणि दहापट भिंगातून कापलेली बाजू तिरप्या उजेडात पाहा. काळ्यातच काळे उंचवटे आणि खड्डे दिसले तर झुबके आहेत. गुळगुळीत दिसली तर दोष पूर्णपणे स्ट्रक्चरचा. ईपीडीएममध्ये ब्लॅक आणि तेल आधी, रबर नंतर असं उलटं मिक्सिंग बरेच जण करतात. तुम्हीही करत असाल तर तेलाचा तिसरा हिस्सा राखून ठेवून बघा. सगळं तेल सुरुवातीला पडलं की कम्पाउंड इतकं निसरडं होतं की झुबके रगडलेच जात नाहीत.

आता उपाय. पहिला विचार एन-६५० चा. गोल एन-६६० एवढेच, आयोडीन ३६, पण ओएएन १२२. तुम्हाला हवं ते स्ट्रक्चर यात आहे. दर आणि उपलब्धता विचारा, मोठ्या उत्पादकांच्या यादीत असतं, पण छोट्या खरेदीला विक्रेता तोंड वाकडं करतो. ते जमलं नाही तर एन-६६० ठेवून त्याचे भाग (शंभर भाग रबरामागे किती ब्लॅक ते) वाढवा. कडकपणासाठी धंद्यातला जुना ठोकताळा २ भाग ब्लॅकला १ शोअर (कडकपणाचं एकक) असा आहे. जितके शोअर घसरलेत त्याच्या दुपटीने वाढवून सुरुवात करा आणि फुगणं पुन्हा मोजा. पण शोअर जुळलं म्हणजे फुगणं जुळलं असं समजू नका, बहुतेक वेळा आणखी थोडं ब्लॅक लागतं. आणि मग हिशेब करा. भाग वाढले की घनता वाढते, मीटरमागे वजन वाढतं. प्रोफाइल मीटरवर विकता आणि कच्चा माल किलोवर घेता, त्यामुळे किलोमागे वाचलेले पैसे इथेच निघून जातात की काय ते कागदावर मांडून पाहा. मी पाहिलेल्या अशा बदलांत निम्म्या वेळा काहीच वाचलं नव्हतं. तिसरा मार्ग डायच सुधारून घेण्याचा. करता येतो, पण लिप बसण्यावर तो उपाय नाही.

राहिली सोमवारची बॅच. मिक्सिंगमध्ये सुटे केलेले ॲग्रिगेट कच्च्या रबरात स्वस्थ बसत नाहीत. शीट गरमच रचून ठेवली असेल तर रबर मऊ असतं, ते हळूहळू सरकून एकमेकांजवळ येतात आणि जाळं धरतात. शिवाय रबराच्या साखळ्या कार्बनच्या पृष्ठभागाला धरून बसतात, तेही तासागणिक वाढत जातं. हे जाळं नाजूक असतं. रबर अगदी थोडं हलवलं तर कडक लागतं, दहा टक्के ताणलं की जाळं मोडतं आणि एकदम मऊ होतं. याचा अभ्यास पेन नावाच्या संशोधकाने १९६० च्या दशकात केला, म्हणून त्याला पेन इफेक्ट म्हणतात. टायरवाले त्याच्याच मागे लागलेले असतात, कारण रस्त्यावर प्रत्येक फेऱ्यात ते जाळं मोडतं-जुळतं आणि पेट्रोल खातं.

तुमच्या बाबतीत शंका एवढीच काढायची आहे की सोमवारचा कडकपणा जाळ्याचा की क्युअर सुरू झाल्याचा. शुक्रवारी मूनी आणि स्कॉर्च वेळ (क्युअर सुरू व्हायला लागणारा वेळ) लिहून ठेवा. सोमवारी पुन्हा मोजा. मग तोच तुकडा थंड मिलवर (दोन रुळांच्या यंत्रावर) अरुंद फटीतून सहा-सात वेळा काढून तिसऱ्यांदा मोजा. मिलनंतर मूनी शुक्रवारच्या जवळ आला आणि स्कॉर्च वेळ हलली नसेल, तर जाळं होतं. शीट पूर्ण थंड करून रचा आणि एक्स्ट्रूडरला द्यायच्या आधी मिलवर गरम करून घ्या, बस. मूनी खाली आला नाही आणि स्कॉर्च वेळही आखडली असेल, तर ब्लॅकला दोष देऊ नका. तुमचा ॲक्सिलरेटर (क्युअरला वेग देणारं रसायन) आठवड्याची सुट्टी न घेता काम करतोय, आणि तो माल एक्स्ट्रूडरमध्ये घालू नका.